ओसाकाची आई

माझी आई मिझोरामची. एवढे साधे वाक्य, पण बाविसाव्या वर्षापर्यंत ते मी कुणापुढे सरळ उच्चारल्याचे आठवत नाही. विचारलेच तर मी "नॉर्थ-ईस्ट की तरफ से" असे काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलायचो आणि विषय क्रिकेटवर न्यायचो.

वडील वर्धेकडचे, बौद्ध, रायपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आई ऐझॉलजवळच्या एका गावातून नर्सिंग शिकायला बाहेर पडली आणि नोकरीसाठी रायपूरला आली. वडिलांच्या पायावर लोखंडी पत्रा पडला, टाके घालायला ते तिच्या हॉस्पिटलात गेले, आणि टाके निघाल्यावरही जात राहिले. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी व्हायचा तेवढा तमाशा केला. मग आजी चार दिवसांसाठी म्हणून सुनेकडे आली आणि अकरा वर्षे राहिली. दोघींची भाषा एक नव्हती, स्वयंपाकघर मात्र एकच होते. आजीने तिला भाकरी थापायला शिकवली आणि थापता थापता वर्धेची मराठी. एप्रिलातल्या जयंतीला आई पांढरी साडी नेसून विहारात जायची, रविवारी चर्चमध्ये, आणि दोन्हीकडे सतरंज्या झटकायला तीच पुढे असायची.

त्यामुळे आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये उलटाच कारभार होता. मिझोरामची बाई वऱ्हाडी बोलायची आणि वर्धेकडच्या बापाचा मुलगा तिला हिंदीत उत्तरे द्यायचा. "काहून रे, आज शाळा नाही का तुले?" "जा रहा हूँ न, मम्मी." मराठी लिहायलाही मला तिनेच शिकवले, आजीच्या जुन्या पाटीवर. आज हे सगळे ज्या भाषेत लिहितो आहे ती माझ्या बापाची, पण मला मिळाली ती आईकडून.

शाळेत मी आधी चिनी होतो, मग नेपाळी, मग मोमो. ज्या वर्षी जे चालेल ते. लहान मुलांना काय कळते, असे लोक म्हणतात. सगळे कळते. कुणाला कुठे टोचले की लागेल हे मोठ्यांपेक्षा नीट कळते. मी भांडलो नाही, कारण भांडायला हिंमत लागते. मी सोपा मार्ग काढला. पालकसभेची चिठ्ठी आईला द्यायचीच नाही, वडिलांच्या डब्याखाली ठेवायची. वडील माझ्यासारखे दिसत नसत, पण ते आले की निदान पोट्टे गप्प बसत. हे आईला समजत होते का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना वडील गेले, हृदयाचा झटका आला. त्याच वर्षी कॉलेजला दांडी मारून मी गुढियारीतल्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसायला लागलो. गॅरेजचे मालक साठीचे, छत्तीसगढी माणूस, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पोटापुरती दुरुस्ती करायची आणि उरलेला जीव मोटरसायकलच्या मातीतल्या शर्यतींवर टाकायचा, असा त्यांचा हिशोब होता. त्यांची पाच-सहा रायडरांची टीम होती. मला त्यातले पहिल्यांदा आवडले ते हेल्मेट. काच खाली केली की मला कुणी काही म्हणू शकत नव्हते.

गॅरेजची भाषा वेगळी होती. पहिल्या वळणात जो सगळ्यांच्या आधी शिरला त्याने होलशॉट मारला. माती चोपून वरून सपाट केलेल्या उंचवट्यावरून गाडी उडवायची, तो टेबल-टॉप. इतका मागे पडला की पुढच्यांच्याच वाटेत येतो, तो बॅकमार्कर. शर्यत अर्धी सोडून बाहेर पडला तो डीएनएफ, आणि हे माणसांनाही लागायचे. साखरपुडा मोडलेला डीएनएफ, बी.कॉम. सोडलेला डीएनएफ. इथे बनलेली गाडी लोकल, बाहेरून मागवलेली फॉरेन, आणि शर्यतीतले गटही याच नावांचे. दोन कंपन्यांचे भाग जोडून उभी केलेली गाडी म्हणजे मिक्स. मी हे शब्द आठवड्याभरात पाठ केले. दुसऱ्याला बॅकमार्कर म्हणायला मिळणे ही माझ्यासाठी नवीन चैन होती.

पहिल्या दिवशी उस्तादांनी कापडाला हात पुसत माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "चेहरा तो मिक्स लगता है बेटा. फॉरेन का माल है क्या?"

सगळे हसले. मीही हसलो. यात कुत्सितपणा नव्हता, हे सांगायला हवे. त्या गॅरेजमध्ये फॉरेनपेक्षा मोठी तारीफ नव्हती. समोर एका खोक्यावर जपानी इंजिन उघडून ठेवले होते आणि दोघेजण त्याच्याकडे देवाकडे पाहावे तसे पाहत होते. मी म्हणालो, "हां उस्ताद. माँ जापान की हैं."

तिथेच थांबलो असतो तर गंमत म्हणून खपले असते. पण कुणीतरी विचारले, जापान में कहाँ? मी भूगोलाच्या पुस्तकातून ओसाका उचलले. मग विचारले, अब कहाँ हैं? आता आई तर गॅरेजपासून दोन किलोमीटरवर होती, पहाटेची ड्युटी संपवून कपडे वाळत घालत असेल. मी म्हणालो, "पापा के जाने के बाद वापस चली गईं." उस्तादांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास होता. मला वाईट वाटायला हवे होते. मला खूप बरे वाटले.

त्या टीमची एक रीत होती. शर्यतीच्या दिवशी प्रत्येक रायडरची आई मैदानावर यायची आणि गाडीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायची. हिरवा झेंडा पडला की लिंबू चिरडत निघायचे. आईशिवाय दुसऱ्या कुणी ठेवलेले चालत नसे. एकाची आई सिकलसेलने अंथरुणाला खिळली होती, तिला रिक्षात घालून आणलेले मी पाहिले आहे. माझी आई ओसाकाला असल्यामुळे माझे लिंबू उस्ताद ठेवायचे. ठेवताना दरवेळी डोळे मिटून पुटपुटायचे, "माँ दूर है, मैं हूँ." दोन वर्षे, आठ-नऊ शर्यती, दरवेळी. मी हेल्मेटच्या काचेआडून ते पाहायचो आणि गाडी सुरू करायचो.

मी शर्यत खेळतो हे आईला माहीत होते. गुडघे फुटलेला मुलगा किती दिवस लपणार? तिने यायचे म्हटले तेव्हा मी सांगितले, बायकांना आत सोडत नाहीत.

"नर्सलेही नाही सोडत?" तिने विचारले.

"नहीं मम्मी. रूल है."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्याला पट्टी बांधायला लागली. इतकी सफाईने बांधायची की डॉक्टरांनी विचारावे, कुणी बांधली.

बाविसाव्या वर्षी रायपूरलाच मोठी शर्यत ठरली. नागपूरहून निवेदक येणार होता. त्याला माझी ओसाकाची गोष्ट कुणीतरी सांगितली आणि तो हरखून गेला. आयोजकांनी फ्लेक्स लावले. त्यावर माझा हेल्मेटशिवायचा फोटो आणि खाली हिंदीत, 'रायपुर का जापानी तूफ़ान. माँ जापान, पिता छत्तीसगढ़.' एक फ्लेक्स आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या अंडरब्रिजवर लागला. मी दोन दिवस घाबरलो होतो. मग आईने काहीच विचारले नाही तेव्हा मी ठरवले की ती वर मान करून पाहत नसणार. तिचे लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांकडे असते. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

शर्यत दुपारी होती, शहराबाहेरच्या मैदानावर. आम्ही रांगेत गाड्या लावल्या, आया लिंबे घेऊन पुढे यायला लागल्या. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण निवेदकाने सांगितले होते की नाव पुकारेपर्यंत चेहरा दिसू दे. आणि दोरीच्या पलीकडून आई आली. सकाळची ड्युटी करून थेट आली होती. हॉस्पिटलची फिकट निळी साडी, वर स्वेटर, खांद्याला पर्स, हातात लिंबू.

लिंबावर तिचा विश्वास नव्हता. चर्चमध्ये चालत नाही, विहारात तर त्याहून नाही. तिच्या वॉर्डातल्या एका सफाईवाल्या मावशीचा मुलगा दुसऱ्या टीममधून खेळायचा, त्या मावशीकडून तिला ही रीत समजली होती. सगळ्यांच्या आया ठेवतात म्हटल्यावर आपल्या पोराचे चाक कोरडे नको, एवढाच तिचा हिशोब.

उस्ताद पुढे झाले. "बहनजी, आप?" त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आंधळ्यालाही कळावे असे आमचे चेहरे. तेच डोळे, तीच गालांची हाडे. बाजूला दोन रायडर, त्यांच्या आया, आणि चार पावलांवर माईक घेतलेला निवेदक.

मी म्हणालो, "कॉलनी की नर्स दीदी हैं. हमारे उधर ही रहती हैं."

दीदी. मी तिला दीदी म्हणालो. तिने कपडे बदलून यायचे ठरवले असते तर मला हे इतक्या चटकन सुचलेही नसते. तिच्या अंगावरच्या साडीनेच मला खोटे पुरवले.

तिचा चेहरा हलला नाही. निदान मला हललेला दिसला नाही. ती उस्तादांना म्हणाली, "हव भैया, कॉलनी की ही हूँ. ये पोट्टा हेल्मेट का पट्टा ढीला रखता है, ज़रा देख लेना." आणि लिंबू पुढे केले. "ये किसी ने दिया था. आप ही रख दो."

उस्तादांनी ते घेतले. "अच्छा किया दीदी. इसकी माँ यहाँ है नहीं न, मैं ही रखता हूँ," असे म्हणून ते तिच्यासमोर वाकले आणि माझ्या चाकाखाली लिंबू ठेवून पुटपुटले, "माँ दूर है, मैं हूँ." आई पाहत उभी होती. मग दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

आता इथे मला लिहायला आवडले असते की त्या अपराधाने माझे चित्त उडाले आणि म्हणून पुढचे घडले. ते खरे नाही. झेंडा पडला आणि मी होलशॉट मारला. तीन फेऱ्या मी सगळ्यांच्या पुढे होतो, निवेदक बेंबीच्या देठापासून जापान-जापान ओरडत होता आणि लोक त्याच्यामागून ओरडत होते. मी तिचा विचार करत नव्हतो. मी खूश होतो. त्या तीन फेऱ्यांसारखा खूश मी त्याआधी कधी नव्हतो, आणि याचीच मला त्या खोट्यापेक्षा जास्त लाज वाटते.

चौथ्या फेरीत टेबल-टॉपवरून गाडी हवेत जास्त लांब गेली, पुढचे चाक वाकडे पडले आणि मी खांद्यावर आपटलो. हेल्मेटचा पट्टा घट्ट होता, उस्तादांनी तपासला होता. हाड मात्र मोडले, गळ्याजवळचे.

अँब्युलन्सपाशी एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारले, घर का कोई है? उस्ताद म्हणाले, "इसका कोई नहीं है साहब. बाप गुज़र गया, माँ जापान में." त्यांच्या मागे आई उभी होती. गर्दीतून धावत आली असावी, चपलेचा एक पट्टा तुटला होता, आणि माझा मातीत पडलेला हातमोजा तिने उचलून आणला होता.

डॉक्टरने तिला विचारले, "आप?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी पूर्ण शुद्धीवर होतो. मिनिटभरापूर्वीच मी गाडीला फार लागले का, असे विचारले होते. म्हणजे बोलता येत होते. आई आहे माझी, एवढेच म्हणायचे होते. मी अँब्युलन्सच्या छताकडे पाहत राहिलो.

"कॉलनी की नर्स हूँ," ती म्हणाली.

"फिर तो अच्छा है, आप साथ चलिए," डॉक्टर म्हणाला.

गाडीत तिने माझा हात छातीशी नीट बांधला. अटेंडंट पुढच्या बाकावर होता. ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "लई दुखून राहिलं का रे?" मी म्हणालो, "थोड़ा." तेही हिंदीत, आणि मम्मी न म्हणता. हॉस्पिटलच्या कागदावर नात्याच्या रकान्यात तिने 'परिचित' असे लिहिले आणि सही केली. सहीत माझ्या बापाचे आडनाव होते, माझेही तेच, पण ते कुणी वाचले नाही.

पाचव्या दिवशी उस्ताद फळे घेऊन घरी आले. पत्ता त्यांनी फॉर्मवरून शोधला होता. दार आईने उघडले. "अरे दीदी, आप यहाँ भी सेवा करने आती हैं?" ते कौतुकाने म्हणाले आणि आत येऊन बसले. समोरच्या भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो, शेजारी दुसरा फोटो: वडील, आई, आणि मधे मी, दात पडलेला. उस्ताद तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. आईने चहा आणला, त्यांनी तो पूर्ण प्यायला. मग उठून तिच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "माफ़ करना बहन. आपके सामने आपकी जगह नींबू रख दिया."

"तुम्हें क्या मालूम था भैया," आई म्हणाली.

मी पलंगावर होतो. जाताना ते माझ्याजवळ आले, पण आवाज चढवला नाही. "बेटा, चीनी बोलते, नेपाली बोलते, तो हम उनका मुँह तोड़ देते. तूने हमें मौका ही नहीं दिया." त्यानंतर मी गॅरेजमध्ये गेलो नाही. त्यांनी नको म्हटले नव्हते. मीच डीएनएफ.

आईशी बोलायला मला आणखी महिना लागला. ती लसूण सोलत होती. मी म्हणालो, "मम्मी, त्या दिवशी..." मराठीत सुरुवात केली हेही नवीन होते.

"तू घाबरला होतास. मले समजते," ती म्हणाली. हात थांबले नव्हते. "पण त्या फ्लेक्सखालून मी आठ दिवस रोज गेली. रोज वाटे, आज घरी येऊन सांगशील. मले वाटलं लिंबू घेऊन गेली तर तरी सांगशील."

मी सॉरी म्हणालो. तिने मान हलवली आणि सालपटे गोळा करून टाकायला उठली. माफ केले की नाही, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

त्याला आता पंधरा वर्षे होत आली. मी अपघात झालेल्या गाड्यांची विम्यासाठी पाहणी करतो. आईने नोकरी सोडली, साखर मागे लागली आहे. गॅरेजमधली मुले रस्त्यात भेटली तेव्हा त्यांना सांगितले, बायकोला लग्नाआधी सांगितले, ऑफिसात विचारण्याआधीच सांगतो. मिझोराम हा शब्द मी आता गरजेपेक्षा जास्त वापरतो. बायको म्हणते, एवढे जोरात काहून सांगता?

दर तीन महिन्यांनी आईला रक्त तपासायला घेऊन जातो. काउंटरवर मुलगी बसलेली असते, दरवेळी नवीन. ती माझे आडनाव ऐकते, आईचा चेहरा पाहते, आणि विचारते, "ये आपकी कौन हैं?"

माझी आई तीस वर्षे हॉस्पिटलात नोकरी केलेली बाई आहे. असल्या पोरींना ती एका वाक्यात गप्प करू शकते. पण या प्रश्नाला ती कधीच उत्तर देत नाही. ती अर्धे पाऊल मागे सरते, पर्स दोन्ही हातांत धरते आणि माझ्याकडे पाहते. रागाने नाही, थट्टेने नाही. मी काय सांगणार आहे, ते तिला खरोखरच माहीत नसल्यासारखी.

"माँ हैं मेरी," मी म्हणतो. मागचे दोघे-तिघे वळून पाहतील इतक्या मोठ्याने म्हणतो. ती मान हलवते आणि पुढे येऊन सही करते. आणि तीन महिन्यांनी, पुढच्या काउंटरवर, पुन्हा थांबते.